गाडीत पोलीस नको

जनकोजी मोहिते अठरा वर्षं इस्पितळाची गाडी चालवत होता आणि त्या अठरा वर्षांत त्याच्या गाडीवर कुणी साधा खडासुद्धा मारला नव्हता. त्याचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पागेत होते म्हणे. तो स्वतः लढाईत ब्रह्मदेशच्या हद्दीवर फौजेची ॲम्ब्युलन्स चालवून आला आणि शेचाळीस साली मद्रासच्या एका सरकारी इस्पितळात ड्रायव्हर म्हणून चिकटला. तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात दोन खोल्या, घरात बायको सकवारबाई. घरात तीनशे वर्षांपूर्वीची मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, असं त्यांचं चालायचं. इस्पितळातले सगळे त्याला रावअण्णा म्हणत.

गाडीच्या डोक्यावर पितळी घंटा होती. तिची दोरी ओढायचं काम कन्नियप्पनचं. तो स्ट्रेचर उचलणारा, बारा वर्षं जनकोजीच्या शेजारच्या सीटवर बसलेला. घंटा वाजली की कितीही गर्दी असो, दुभंगायची. बैलगाड्या कडेला व्हायच्या, रिक्षा ओढणारे दांड्या खाली टेकवायचे. कोण आजारी, कुठल्या जातीचं, हे कुणी विचारत नसे.

चौसष्ट सालच्या चैत्रात हे सगळं मोडलं.

उत्तर मद्रासमधल्या एका कापडगिरणीला तीन आठवडे टाळं होतं. कामगार फाटकासमोर ठाण मांडून बसले होते. एका दुपारी दोन माणसांची डोकी फुटल्याचा निरोप आला म्हणून जनकोजी गाडी घेऊन निघाला. गिरणीच्या अलीकडच्या नाक्यावर एका सब-इन्स्पेक्टरनं हात आडवा केला, मागचं दार उघडलं आणि सहा शिपाई लाठ्यांसकट आत चढवले. जनकोजीनं खाली उतरून विचारलं की जखमी माणसं आता ठेवायची कुठे. सब-इन्स्पेक्टर म्हणाला, तिथे पोचेपर्यंत आणखी होतील, मग सगळ्यांची जागा एकदमच करू. शिपाई हसले.

कन्नियप्पन दोरी ओढत होता. गर्दीनं नेहमीप्रमाणे वाट दिली. एक म्हातारा तर हात वर करून मागच्यांना सरकवत होता, या, या, गाडी येऊ द्या. फाटकाजवळ गाडी थांबली आणि मागचं दार आतून उघडलं. ज्यांनी वाट दिली होती त्यांच्याच पाठींवर पहिल्या लाठ्या बसल्या. जनकोजीनं आरशात पाहिलं. त्या म्हाताऱ्याचा हात अजून वरच होता. लाठी मनगटावर बसली आणि पंजा मोडक्या फांदीसारखा खाली लोंबला. डोक्याला पंचा गुंडाळलेला एक तरुण माणूस काचेसमोर उभा राहून जनकोजीकडे नुसता बघत होता. मग त्याच्याही कानशिलावर लाठी बसली आणि तो दिसेनासा झाला.

त्या दिवशी गाडीनं नऊ जखमी नेले. वाटेत कन्नियप्पननं घंटा वाजवली नाही. जनकोजीनंही त्याला सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी त्याच भागात एक बाई उकळत्या पेजेनं भाजली. गाडीत या वेळी पोलीस नव्हता, पण ते रस्त्यावरच्या लोकांना काय माहीत? गिरणीच्या चाळींपाशी पिंपं आडवी टाकून गाडी अडवली. कन्नियप्पन खाली उतरला, हात जोडून म्हणाला, बाबांनो, आत कुणी नाही, बघा, आणि मागचं दार उघडायला वळला. वळला तिथेच सायकलची चेन त्याच्या तोंडावर बसली. तो गुडघ्यांवर आला. दुसऱ्यानं चेन मारली, तिसऱ्यानं रस्त्याच्या कडेचा दगड दोन्ही हातांनी उचलला.

जनकोजीला दार उघडून बाहेर ओढलं. बरगडीत लाथा बसल्या. कसाबसा तो सरपटत गाडीखाली शिरला आणि चाकांच्या मधून त्याला कन्नियप्पनची पावलं दिसत राहिली. आधी टाचा जमिनीवर घासत होत्या. मग नुसती बोटं हलत होती. मग तीही थांबली. "पोलीसगाडी" एवढा एकच शब्द सगळीकडून ऐकू येत होता. भाजलेल्या बाईचा भाऊ चाळीतून ओरडत आला, मी गाडी बोलावलीय, तेव्हा कुठे लोक मागे हटले. त्यानंच कन्नियप्पनला आत ठेवायला हात लावला. बाईलाही त्याच फेरीत नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कन्नियप्पन आपल्याच इस्पितळात मेला.

प्रेतयात्रा आटोपून आल्यावर इस्पितळाच्या गाड्यांच्या शेडमध्ये एक्केचाळीस माणसं जमली. ड्रायव्हर, स्ट्रेचर उचलणारे, कॅज्युअल्टीत जखमा बांधणारे ड्रेसर. पुढारी असा कुणी नव्हता. सगळ्यांत जुना जनकोजी, म्हणून कागद त्याच्या हातात दिला. त्यावर एकच मागणी लिहिली: ॲम्ब्युलन्समध्ये पोलीस बसणार नाही. लेखी हुकूम निघेपर्यंत गाडी निघणार नाही. कुणी पगाराचं नाव काढलं, तर बाकीच्यांनी त्याला गप्प बसवलं.

सरकारचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. ते वाचून दाखवायचं काम रेसिडेंट डॉक्टर वादिराजांवर आलं. तेही तंजावरकडचे, देशस्थ, घरात मराठी बोलणारे. त्यांनी जनकोजीला आपल्या खोलीत बोलावलं आणि खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या खोलीत जनकोजी पहिल्यांदाच खुर्चीवर बसत होता.

चीनच्या लढाईपासून जे संरक्षणाचे नियम लागू होते त्यांच्या आधारानं हा हुकूम काढला होता. तातडीच्या उपचारांशी संबंध असलेलं प्रत्येक काम अत्यावश्यक. त्या कामावरच्या माणसाला संप करता येणार नाही, संपाला चिथावणी देता येणार नाही, वरिष्ठांनी नेमून दिलेली कामगिरी कुठल्याही कारणानं नाकारता येणार नाही. परवा सकाळी आठपर्यंत जो हजर होणार नाही तो बडतर्फ, आणि वर तुरुंग.

"आणि पोलिसांचं?" जनकोजीनं विचारलं.

"त्याबद्दल एक अक्षर नाही," वादिराज म्हणाले. "जनकोजी, मी तुमच्या बाजूचा आहे असं समजा. पण रस्त्यात माणूस मरायला टेकला आणि गाडीच नाही, असं कुठलं सरकार चालवून घेईल? हा कायदा उगाच नाही केला. कापडगिरणी बंद पडली तर कापड निघत नाही. आपण बंद पडलो तर काय होतं?"

"ते मला कळतंय, डाक्टर. म्हणूनच सांगतो, आत्ता गाडी काढतो. नुसतं एवढंच म्हणा की पोलीस बसणार नाही."

"ते म्हणायचा अधिकार मला नाही."

"मग ज्याला आहे त्याला विचारा."

वादिराजांनी विचारलं. जनकोजीच्या समोरच फोन फिरवला, इंग्रजीत बराच वेळ बोलले, बराच वेळ ऐकून घेतलं. फोन ठेवून म्हणाले, अटी घालून नोकरी करता येत नाही असं उत्तर आहे.

गाड्या शेडमध्येच राहिल्या. किल्ल्या जनकोजीच्या कमरेच्या पट्ट्याला.

हुकूम आल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला एक कोळी हातगाडी ओढत फाटकातून आत आला. हातगाडीवर त्याची बायको होती. बाळंतपणात अडलेली, रक्त थांबत नव्हतं. त्यानं किनाऱ्यावरच्या दुकानातून इस्पितळात फोन करवला होता. गाडी नाही, म्हणून सांगितलं गेलं होतं. मग त्यानं जाळी वाहायची हातगाडी काढली आणि तीन मैल उन्हातून ओढत आणली. फळ्यांच्या फटींतून ठिबकलेल्या रक्ताची रेघ फाटकापासून मागे रस्त्यावर जितकी नजर जाईल तितकी दिसत होती.

फाटकाशी बसलेले सगळेच धावले. जनकोजीनं तिला खांद्यांकडून धरलं, दुसऱ्यानं पायांकडून, पळत टेबलापर्यंत नेलं. संपावर आहोत हे त्या घडीला कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. पण अर्ध्या तासात ती गेली. मूल पोटातच गेलं होतं.

कोळी बाहेर आला. हातगाडीच्या कडेला फळी अडवायला लावलेला एक सोटा होता, तो त्यानं उपसला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की किल्ल्या कुणाकडे आहेत. पहिला फटका जनकोजीच्या खांद्यावर बसला, दुसरा मानेखाली. लोक त्याला धरायला पुढे झाले, तेव्हा जनकोजीनं हातानंच त्यांना थांबवलं. तिसरा, चौथा, पाचवा. तोंडातून शब्द न काढता तो मारत होता, कपडे आपटावेत तसा. शेवटी सोटा हातातून सुटला, तो मटकन खाली बसला आणि हातगाडीच्या चाकाला डोकं टेकवून राहिला.

घरी सकवारबाईनं हळद गरम करून खांद्यावर लिंपली. सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं, "तिचें नांव काय?"

"कनका."

"तिला ठावें होतें काय, तुमचें कोणाशीं भांडण तें?"

सकवारबाई वाटी धुऊन आली. कन्नियप्पनची बायको तुळसी सकाळी येऊन गेल्याचं तिनं सांगितलं. तुळसी म्हणत होती की रावअण्णांनी गाडी काढली तर माझा नवरा फुकट मेला.

"मग तू काय म्हणालीस?"

"कांहीं नाहीं. तिचेंही खरें वाटतें, त्या कनकाचेंही खरें वाटतें. मी काय म्हणूं?" मग म्हणाली, "पोलीस नक्को म्हणा. पण गाडी काढा. ते बसले तर उतरा, आणि न्यायचें तिकडे नेऊं द्या तुम्हांला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच जनकोजीनं हेच शेडमध्ये सगळ्यांपुढे ठेवलं. गाड्या काढायच्या. घंटा वाजवायची. पोलीस चढला की किल्ली काढून खाली उतरायचं, मग जे व्हायचं ते होवो. वाद झाला. एक ड्रेसर म्हणाला, हा संप मोडणं झालं. पण कनकासाठी धावलेले चार जण तिथे होते आणि त्यांनी मान खाली घातली, तेव्हा तोही बोलायचा थांबला. ठरलं. जनकोजी वादिराजांना सांगायला त्यांच्या खोलीकडे निघाला.

तो आवाराच्या मध्यावर असताना पोलिसांच्या दोन व्हॅन आत शिरल्या.

आठ वाजायला अजून वेळ होता. हुकमाची मुदत संपली नव्हती. जनकोजी दोन्ही हात वर करून पुढे गेला आणि तमिळमध्ये म्हणाला, आम्ही गाड्या काढतोय, थांबा. पुढच्या शिपायाची लाठी त्या वर केलेल्या डाव्या हातावरच आली. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज त्याला दुखण्याच्या आधी ऐकू आला. मागून शेडमधली माणसं धावत आली आणि मग बघता बघता आवारात माणसांचा चिखल झाला. लाठ्या डोक्यांवर, नडग्यांवर, तोंडांवर पडत होत्या. एका ड्रेसरचा जबडा बाजूला सरकला. दोन्ही हातांनी जबडा जागेवर धरून तो बाकावर बसला होता, तिथेही त्याला मारलं. एक ड्रायव्हर कॅज्युअल्टीच्या पायऱ्यांवर पळाला, त्याला पायांना धरून खाली ओढलं आणि प्रत्येक पायरीवर त्याची हनुवटी आपटली. स्ट्रेचर उचलणाऱ्यांपैकी दोघांनी शेडमधला जॅकचा दांडा घेतला आणि एका शिपायाचं डोकं फोडलं. त्या दोघांना मग कोपऱ्यात घेतलं.

वादिराज पांढऱ्या कोटात धावत आले आणि मध्ये उभे राहिले. इथे आजारी माणसं आहेत, एवढंच ते इंग्रजीत पुन्हा पुन्हा ओरडत होते. एक लाठी त्यांच्या चष्म्यावर बसली. कपाळातून रक्त यायला लागलं, तरी ते तेच वाक्य बोलत राहिले.

दहा मिनिटांत सगळं संपलं. जे उठू शकत होते त्यांना व्हॅनमध्ये कोंबलं, बाकीचे आवारात पडून होते. कॅज्युअल्टीच्या नर्सा बाहेर येऊन आपल्याच लोकांच्या जखमा बांधत होत्या. जनकोजी शेडच्या खांबाला पाठ टेकून बसला होता. डावा हात मांडीवर, बोटं भलत्याच दिशांना वळलेली. किल्ल्या अजून पट्ट्यालाच होत्या. त्या काढून घ्यायचं कुणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात कॅज्युअल्टीतला फोन वाजला. गिरणीच्या फाटकाशी गोळीबार झाला होता. माणसं रस्त्यात पडली होती, किती ते सांगता येत नव्हतं.

पोलिसांबरोबर आलेला इन्स्पेक्टर जनकोजीसमोर येऊन उभा राहिला. गाडी चालवता येईल का, त्यानं विचारलं. जनकोजी म्हणाला, येईल. इन्स्पेक्टरनं चार शिपायांची नावं पुकारली आणि मागे बसायला सांगितलं. जनकोजी उठला. उजव्या हातानं किल्ली काढली, गाडीत बसला. शिपाई आवाराच्या पलीकडून चालत येत होते. त्यातला एक मोडलेली लाठी बदलायला थांबला होता. शेजारची सीट रिकामी होती.

ते दहा पावलांवर आले तेव्हा जनकोजीनं गाडी सुरू केली आणि सोडली.

शिट्ट्या झाल्या. तिघे शिपाई बाजूला उडाले. चौथा, वेलायुधम नावाचा, पंचविशीतला पोर, धावत आला आणि दाराखालच्या फळीवर पाय देऊन ड्रायव्हरच्या दाराला लटकला. एक हात त्यानं आत घालून स्टिअरिंग धरलं. त्याचं तोंड जनकोजीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर होतं. थांब, थांब, म्हणत होता. गाडी फाटकाच्या खांबाकडे झोकली जात होती. जनकोजीनं मोडक्या हाताचं कोपर त्याच्या तोंडावर हाणलं. एकदा. वेलायुधमच्या नाकातून रक्त आलं, पण पकड सुटली नाही. जनकोजीनं पुन्हा हाणलं आणि चाक उलट फिरवलं. हात सुटला. पोर मागे कलंडलं, खांबावर आपटून खाली पडलं आणि मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं. गाडीला बसलेला तो हिसका जनकोजीला सीटमध्ये जाणवला.

त्यानं आरशात पाहिलं. मग पुढे पाहिलं.

पुढच्या वळणावर, आवारातून दिसेनासं झाल्यावर, तो एकदाच थांबला. मागची दोन्ही दारं सताड उघडली आणि ती मिटू नयेत म्हणून पट्ट्यांनी बाजूला बांधली. उजव्या हातानं आणि दातांनी गाठ मारली. लांबूनसुद्धा आतली रिकामी फळी दिसली पाहिजे होती. मग एका हातानं चाक सांभाळत, मधूनच तोच हात दोरीवर नेत तो निघाला.

चाळींपाशी पहिला दगड समोरच्या काचेतून आत आला. काचेचा चुरा तोंडात, डोळ्यांत गेला. दुसरा दगड छातीवर. त्यानं गाडी थांबवली नाही. हळू केली, वळवली आणि उघडी बाजू लोकांकडे करून मागे मागे घेत फाटकाकडे नेऊ लागला. दगड येत होते. पत्र्यावर ढोलासारखे वाजत होते. एक जण मागून आत चढला, हातात कोयता, आणि रिकाम्या फळ्यांकडे बघत उभा राहिला. कोपऱ्यात बघितलं, फळीखाली वाकून बघितलं. मग पुढच्या जाळीतून त्यानं जनकोजीला पाहिलं, त्याच्या तोंडावरचं रक्त आणि तो हात पाहिला.

"हात कुणी मोडला?" त्यानं विचारलं.

"पोलिसांनीच," जनकोजी म्हणाला. "जखमी कुठे आहेत ते सांग. बेगी."

कोयतेवाला दारात उभा राहून ओरडला. दगड एकदम थांबले नाहीत. पण कमी झाले, आणि मग माणसं जखमींना उचलून आणू लागली. फाटकासमोरच्या रस्त्यावर चपला, डबे, एक तुटलेली छत्री आणि रक्त. एकाच्या पोटाला गोळी लागली होती, तो आतडी धोतरानं दाबून स्वतः चालत आला. एकाची मांडी फुटली होती. एका बाईच्या गळ्यातून श्वासाबरोबर फेस येत होता. सात जण चढवले. कोयतेवाला कोयता खाली टाकून मांडी फुटलेल्याची शीर अंगठ्यानं दाबून बसला, कारण ते करायला दुसरं कुणी नव्हतं. त्यानं वाटेत जनकोजीला विचारलं की तुझा जोडीदार कुठे आहे. पाच-सहा दिवसांपूर्वी इथेच मार बसला, त्यातच मेला, असं जनकोजीनं सांगितलं. त्या माणसानं अंगठा आणखी दाबून धरला.

सातांपैकी दोघं वाटेत गेली, त्यांत ती बाई. पाच टेबलावर पोचली. शेवटचा माणूस उतरवल्यावर जनकोजी खाली उतरला, किल्ल्या इन्स्पेक्टरच्या हातात दिल्या आणि त्यानं मोडक्या हातासकट जनकोजीला बेड्या घातल्या.

खटला तीन महिन्यांनी उभा राहिला. संपाचा आरोप होताच. त्यावर नेमून दिलेल्या बंदोबस्ताशिवाय गाडी नेल्याचा, म्हणजे हुकमाप्रमाणे कामगिरी नाकारल्याचा, आणि तिसरा, शिपायाला जबर दुखापत केल्याचा. वेलायुधमचा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता. काढला वादिराजांच्याच इस्पितळात.

वकील चांगला होता. त्यानं जनकोजीला पढवून ठेवलं की काचेचा चुरा डोळ्यांत गेला होता, हात मोडला होता, घाईत तू कुणाला पाहिलंच नाहीस, एवढं म्हण. तिसरा आरोप पडेल. वेलायुधम कुबड्यांवर साक्षीला आला. त्याला विचारलं ते त्यानं सांगितलं. मला वर चढायचा हुकूम होता. मी दाराला धरलं. त्यानं मला कोपरानं मारलं. नंतरचं आठवत नाही. जनकोजीकडे त्यानं एकदाही पाहिलं नाही.

मॅजिस्ट्रेटनं जनकोजीला विचारलं की शिपाई दाराला लटकलेला त्याला दिसला होता का.

वकील त्याच्याकडे रोखून बघत होता. मागच्या बाकावर सकवारबाई होती, तिच्या शेजारी तुळसी.

"दिसला होता," जनकोजी म्हणाला. "काच नंतर फुटली. तेव्हा माझे डोळे चांगले होते. तो पडला तेही दिसलं, चाक गेलं तेही कळलं. मी थांबलो नाही."

का, असं विचारल्यावर तो म्हणाला की थांबलो असतो तर बाकीचे चढले असते, आणि ते आत असते तर गाडी फाटकापर्यंत पोचलीच नसती. मग म्हणाला, पण त्या पोराची यात काही चूक नव्हती, त्यालाही हुकूमच होता.

वकिलानं कागद मिटले.

अडीच वर्षांची सजा झाली. बाकीच्या चाळिसांपैकी पंधरा जणांना सहा-सहा महिने. उरलेल्यांनी लेखी माफी मागितली आणि ते पुन्हा कामावर गेले. जनकोजीनं त्यांच्याबद्दल कधी वावगा शब्द काढला नाही.

कोर्टाच्या व्हरांड्यात शिपाई त्याला घेऊन व्हॅनची वाट बघत उभे होते, तेव्हा वेलायुधम कुबड्या टेकत तिथे आला. बंदोबस्तावरच्या शिपायांनी ओळखीचा म्हणून त्याला येऊ दिलं. तो जनकोजीसमोर उभा राहिला. नाकाचं हाड वाकडं जुळलं होतं.

"त्या दिवशी किती आणलेस?" त्यानं विचारलं.

"सात. जगली पाच."

"मला कुणी सांगितलं नव्हतं," वेलायुधम म्हणाला. आणखी काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, पण तेवढ्यात व्हॅन आली.

तुरुंगात सकवारबाई महिन्यातून एकदा भेटीला येई. बाहेरचं ती तुकड्यातुकड्यानं सांगायची. हुकूम तसाच होता. पोलीस ॲम्ब्युलन्समध्ये बसणार नाहीत असा कागद कुणी काढला नाही. पण वादिराजांनी सांगितलं होतं की हल्ली ते बसत नाहीत. जीप घेऊन मागून येतात, आणि पुष्कळदा तेवढंही येत नाहीत. कुणी ठरवलं, केव्हा ठरवलं, ते विचारायला गेलं तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

एका भेटीत ती म्हणाली, "तो कोळी आला होता घरीं. कनकाचा नवरा."

"काय म्हणाला?"

"मासळी घेऊन आला होता. मी म्हटलें, आम्ही घेत नाहीं असें कुणाचें फुकट. तर दारांत ठेवून गेला."

जनकोजीनं जाळीवर उजवा हात ठेवला. डाव्या हाताची बोटं अजून पुरती मिटत नव्हती.

"मग शिजवलीस ना?" त्यानं विचारलं.

"शिजवली. तुळसीला पण दिली," सकवारबाई म्हणाली, आणि पहारेकऱ्यानं वेळ संपल्याचं सांगितलं.